साडेसहा लिहा

“सात म्हटलं तर तुम्ही व्यायाम बंद करणार. सहा म्हटलं तर वाढवणार. तुम्ही आपलं साडेसहा लिहा.”

हे काका आयुष्यभर लोकांचे हिशेब तपासत आले होते. निवृत्तीनंतर गुडघा धरला आणि माझ्याकडे यायला लागले. मी त्यांना रोजचाच प्रश्न विचारला होता: शून्य म्हणजे मुळीच दुखत नाही, दहा म्हणजे कल्पना करता येईल तितकं भयंकर, तर आज तुमचं किती? मी फिजिओथेरपिस्ट आहे. 22 वर्षांत हा प्रश्न किती हजार वेळा विचारला असेल, देव जाणे. उत्तर येतं, मी फॉर्मवर आकडा टाकते आणि पुढच्या कामाला लागते. काकांनी साडेसहाचा हिशेब मांडला तेव्हा मी हसले, 6.5 लिहिलं आणि विसरून गेले.

तो आकडा पुन्हा आठवला तो माझाच खांदा धरला तेव्हा.

पण आधी माझ्या टेबलावरच्या दोन वस्तूंबद्दल सांगते. एक गोनिओमीटर. पारदर्शक प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या आणि मध्ये अंशांची तबकडी. एक पट्टी धडाला समांतर, दुसरी दंडाला. हात जिथवर वर जातो तिथला कोन वाचायचा. मी मोजलं तर 110 अंश, माझ्यासोबत काम करणाऱ्या मुलीनं मोजलं तर 114. एवढा फरक आम्ही धरूनच चालतो. दुसरी वस्तू म्हणजे कागदावर छापलेली 10 सेंटिमीटरची आडवी रेघ. डावं टोक ‘दुखत नाही’, उजवं टोक ‘याहून वाईट असूच शकत नाही’. पेशंट पेनानं रेघेवर खूण करतो, मी डावीकडून पट्टी लावते आणि लिहिते: 62 मिलिमीटर. दिसायला हे मोजमाप पहिल्यापेक्षा बारीक. चक्क मिलिमीटरपर्यंत! पण मोजलं काय, तर कागदावरच्या खुणेचं अंतर. खूण तिथेच का पडली, ते कुठल्या पट्टीला कळणार? इतकी साधी गोष्ट, रोज हातात असूनही माझ्या डोक्यात कधी आली नव्हती.

माझी केस अगदी पुस्तकात छापावी अशी. बाई, वय 48, डावा खांदा, फ्रोझन शोल्डर. कोपर अंगाशी ठेवून हात बाहेर वळवायला गेलं की 15 अंशांवर गाडी थांबायची. रात्री कूस बदलली की जाग. सहकारी मुलगी, जिला मीच कधीकाळी हा प्रश्न विचारायला शिकवलं, ती पेन उघडून म्हणाली, “मॅडम, किती?”

आणि मला उत्तर देता येईना.

“आत्ता की रात्री?” मी विचारलं. “हात खाली असताना की मागे नेताना?”

“सरासरी सांगा हो.”

सरासरी! जणू दुखण्याचे सगळे क्षण आत कुठेतरी ओळीनं मांडून ठेवलेत आणि मी त्यांची बेरीज करून भागाकार करणार आहे. मी “सात” म्हणाले. घरी जाताना स्वतःलाच विचारलं, हे सात आलं कुठून? आठ म्हणायची लाज वाटली होती, कारण फिजिओथेरपिस्टनं असा बाऊ करणं शोभत नाही. पाच म्हटलं असतं तर पोरीनं सांधा जोरात सोडवायला घेतला असता. आणि माझं ‘दहा’ म्हणजे धाकट्याच्या वेळची बाळंतपणाची कळ, तिच्या शेजारी ठेवून पाहिलं तर हे जरा कमीच. म्हणजे सातातला थोडा भाग भीड, थोडा भाग घासाघीस, थोडी तुलना आणि उरलेला खांदा. काकांनी निदान हिशेब उघड मांडला होता.

तिसऱ्या आठवड्यात रात्री उशाशी ठेवलेला मोबाइल घसरला आणि तो पकडायला मी डावा हात झटकन पुढे केला. पुढचं मिनिटभर मला श्वास घेता आला की नाही, आठवत नाही. नंतर पाहिलं तर गाऊन पाठीला चिकटला होता. त्या रात्रीनं माझं ‘दहा’ बदललं. नंतरच्या दिवसांत मुलीनं विचारलं की मी सहज “चार” म्हणून जायचे. कोन तोच, 15 अंश. झोप तशीच मोडकी. पण फॉर्मवर सातावरून चार. वेदनेवरच्या संशोधनात या मापावर दोन अंकांची किंवा साधारण 30 टक्क्यांची घट म्हणजे पेशंटला खरोखरच फरक पडला, असं धरायची पद्धत आहे. त्या हिशेबानं मी उपचारांना उत्तम प्रतिसाद देत होते. श्रेय मोबाइलचं.

पट्टी माणसाच्या आत असते आणि ती रबराची असते, असं काहीतरी मी तेव्हा वहीत लिहिलेलं सापडलं. बाहेरच्या पट्टीचंही तेच. मानसशास्त्रज्ञ नॉर्बर्ट श्वार्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 साली लोकांना विचारलं की आयुष्यात तुम्ही किती यशस्वी झालात. काहींना 0 ते 10 अशी मोजपट्टी दिली, काहींना उणे 5 ते अधिक 5. दोन्हींत घरं अकराच. पहिल्या पट्टीवर 34 टक्के लोकांनी खालच्या अर्ध्यातला आकडा निवडला, दुसरीवर फक्त 13 टक्क्यांनी. शून्य म्हणजे ‘यश नाही’ आणि उणे म्हणजे ‘अपयश’, असं लोकांनी आपापलं वाचलं. आयुष्य तेच, छपाई वेगळी.

आकड्यांना विटले तेव्हा मी शब्दांकडे वळले. रोनाल्ड मेलझॅक यांनी 1975 साली प्रसिद्ध केलेल्या मॅकगिल प्रश्नावलीत वेदनेचे 78 शब्द आहेत, 20 गटांत लावलेले. पेशंटनं आपला शब्द उचलायचा. कॉलेजात ती पाठ केली होती, इंग्रजीतून. एका रात्री झोप येईना म्हणून मराठी शब्द लिहून काढायला बसले. ठणकणं, ठसठसणं, सलणं, बोचणं, टोचणं, चमकणं, चरचरणं, चुरचुरणं, झोंबणं, हुळहुळणं, भगभगणं, कळ, तिडीक, रग, कणकण, ओढ, मुंग्या… शब्दकोश न उघडता पान भरलं. आणि यातला एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही. ठणका नाडीच्या ठोक्यासारखा लयीत येतो. ठसठस पू धरलेल्या जागेची. चमक येते आणि जाते, कळ येते आणि जरा थांबते. रग म्हणजे हात फार वेळ उचलून धरल्यावर लागते ती. सल बारीक असतो पण मुक्कामाला येतो, आणि तो मनालाही चालतो. माझ्या खांद्यात रात्रभर रग असायची आणि झटका बसला की कळ. दोन्हींना मी कधी ना कधी सात म्हटलेलं आहे. उपचार करणाऱ्याला मात्र रग आणि कळ यांतला फरक हवा असतो, सात घेऊन तो काय करणार?

बाकी आपली भाषा एक गाठही मारून ठेवते. ‘वाटणं’. “कसं वाटतंय?” म्हणून विचारावं, तर पेशंट सांगतो, “बरं वाटेल असं वाटतंय.” यातलं पहिलं वाटणं शरीराचं, दुसरं निव्वळ अंदाज. बोलताना आपल्याला हे खटकत नाही. फॉर्म भरताना मात्र मी हल्ली थांबते.

ती ‘सरासरी’ काही केल्या डोक्यातून जाईना. शेवटी फोनवर एक ॲप घेतलं, जे दिवसातून सहा वेळा, वाटेल तेव्हा वाजेल. वाजलं की त्या क्षणीचा आकडा लिहायचा. शिवाय रात्री झोपताना अख्ख्या दिवसासाठी एक आकडा. तीन आठवडे केलं. दिवसभरातल्या आकड्यांची सरासरी दोन-तीनच्या मध्ये. रात्रीचा आकडा सहा, कधी सात. पहिल्यांदा वाटलं, मी ढोंगी आहे.

मग मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांचा 1993 चा गार पाण्याचा प्रयोग आठवला. 14 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 60 सेकंद हात. नंतर दुसरी फेरी: तेच 60 सेकंद, वर आणखी 30 सेकंद, ज्यांत पाणी हळूच अंशभर कोमट केलेलं. तिसऱ्या वेळी कुठली फेरी पुन्हा करणार, असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेली निवडली. म्हणजे जास्त त्रास, कारण शेवट जरा बरा. पुढे 1996 साली रेडेलमायर आणि कानेमन यांनी कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीनं केलेल्या तपासणीच्या, पेशंटकडून दर मिनिटाला वेदनेचा आकडा घेतला. कुणाची तपासणी 4 मिनिटांत उरकली, कुणाची 69 मिनिटं चालली. नंतरच्या आठवणीत त्या लांबीला जवळजवळ किंमत नव्हती. सगळ्यात वाईट क्षण आणि शेवटचे क्षण, यांवर मामला मिटत होता. माझा रात्रीचा आकडा नेमका असाच घडत होता: दिवसातला सगळ्यात वाईट झटका आणि अंथरुणात आत्ता लागलेली रग. मधले शांत तास हिशेबातच नाहीत.

यातला खरा कुठला? दोन्ही खरे. फक्त ते वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. उद्या व्यायाम किती द्यायचा ते ठरवायला मला दिवसातले आकडे हवेत. इंजेक्शन घ्यायचं की नाही ते ठरवणारी बाई मात्र रात्रीचीच, तिला दुपारच्या दोनचं काय सांगता? फॉर्ममध्ये दोघींसाठी चौकट एकच.

या बीपच्या नादात आणखी एक भानगड झाली. बऱ्याचदा फोन वाजला त्या क्षणी खांदा नव्हताच. म्हणजे दुखत नव्हता की दुखत असून माझं लक्ष नव्हतं? आणि लक्ष गेलं रे गेलं की तो दुखायला लागायचा. विचारल्यामुळेच आकडा तयार होत होता. मग मी खांदा सोडला आणि बीपच्या अगदी आधीच्या क्षणी मनात काय होतं, तेवढंच लिहायला लागले. ही माझी युक्ती नव्हे. लास वेगासच्या नेवाडा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रसेल हर्लबर्ट 1970 च्या दशकापासून लोकांच्या कानाला बीपर लावून हेच करत आले आहेत. दिवसातून थोडे बीप, लगेच टिपण, आणि 24 तासांच्या आत समोर बसवून तपशीलवार विचारपूस. पहिल्या दिवसाचं टिपण सहसा सरावाचं म्हणून सोडून देतात, कारण सुरुवातीला माणूस अनुभव सांगत नाही, स्वतःबद्दलचं मत सांगतो.

माझं मत पक्कं होतं: मी दिवसभर मनातल्या मनात बडबडत असते. घरचे सगळे याची साक्ष देतील.

गुरुवारी, दुपार व्हायच्या आत. एका मुलाच्या गुडघ्याच्या वाटीवर माझा उजवा तळवा, वाटी बाजूला सरकवत होते. बीप. मी लिहिलं, ‘विचार करत होते की याची डावी मांडी बारीक झाली आहे.’ संध्याकाळी सहकारी मुलीनं वही घेतली आणि उलटतपासणी सुरू केली. आधी तिला सांगून ठेवलं होतं, माझी भीड ठेवू नकोस.

“शब्द होते का मॅडम?”

“होते ना.”

“कुठले? ‘बारीक’ हा शब्द होता?”

मी थांबले. “नाही.”

“‘मांडी’?”

“नाही ग.”

“मग दिसत होतं का काही? चित्रासारखं?”

“नाही. हाताखाली वाटी होती. गुळगुळीत. आणि ऊब.”

“आणि मांडीचं?”

“ते ठाऊक होतं.”

“कसं ठाऊक होतं?”

“होतं, बस्स.”

ती काही लिहीना, नुसती बघत राहिली. मलाच ओशाळल्यासारखं झालं, कारण ते नीटनेटकं वाक्य बीपनंतर तयार झालं होतं आणि मी ते बीपच्या आधीचं म्हणून खपवत होते. सरावाचा दिवस वगळून 41 बीप झाले. शब्द सापडले पाचांत. हर्लबर्ट आणि हीवी यांनी 2008 साली 30 विद्यार्थ्यांचे नमुने छापले होते. त्यांत मनातलं बोलणं सरासरीनं चौथ्या हिश्शाच्या आसपास, पण माणसामाणसात अफाट फरक, काहींच्यात अजिबातच नाही. ज्याला मी आयुष्यभर ‘मनातली बडबड’ म्हणत आले, तिचा बराचसा भाग बिनशब्दाचा, बिनचित्राचा, नुसता ठाऊक असलेला निघाला. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, “म्हणजे उरलेली बडबड सगळी बाहेर येते तर.”

यावर आक्षेप आहेच. तत्त्वज्ञ एरिक श्विट्झगेबेल म्हणतात की स्वतःच्या ताज्या अनुभवाबद्दलही माणूस सपशेल चुकू शकतो. त्यांचं एक उदाहरण मला फार पटतं: विसाव्या शतकाच्या मध्याला बरेच लोक सांगायचे की स्वप्नं काळी-पांढरी पडतात, पुढे लोक रंगीत सांगायला लागले. मधल्या काळात बदलले ते सिनेमे. 2007 साली हर्लबर्ट आणि श्विट्झगेबेल या दोघांनी मिळून एक अख्खं पुस्तक काढलं, एकाच मुलीच्या बीपांवर कडाकडा भांडत. माझ्या सहकारी मुलीनं मला ‘बारीक’ हा शब्द होता का असं विचारलं, तेव्हा तिच्या विचारण्यानंच तो पुसला गेला नसेल कशावरून? माझ्याकडे याला चोख उत्तर नाही. पण ‘तुम्ही साधारणपणे कसा विचार करता’ या प्रश्नावरच्या माझ्या उत्तरापेक्षा, त्या एका क्षणाबद्दलच्या ‘नाही ग’वर माझा जास्त भरवसा आहे.

माणसं एकमेकांच्या आतलं किती गृहीत धरून चालतात, ते एका पोहणाऱ्या मुलानं दाखवलं. खांद्याच्या ऑपरेशननंतर मी त्याला म्हटलं, डोळे मीट आणि हात डोक्यावर जाताना बघ. हालचाल करण्याआधी ती मनात करून बघायला लावतो आम्ही. तो डोळे मिटून बसला आणि जरा वेळानं म्हणाला, “बघ म्हणजे? तुम्हाला खरंच काही दिसतं?” ‘डोळ्यांसमोर उभं राहतं’ हा त्याच्या लेखी नुसता वाक्प्रचार होता, ‘पोटात कावळे ओरडतात’ या जातीचा. फ्रान्सिस गॉल्टन यांना 1880 साली हाच धक्का बसला होता. सकाळच्या न्याहारीचं टेबल मनासमोर आणा आणि किती स्पष्ट दिसतं ते सांगा, असं त्यांनी लोकांना विचारलं, तर काही नावाजलेले शास्त्रज्ञ म्हणाले, दिसतं कसलं? याला नाव मिळायला 2015 उजाडलं. ॲडम झीमन आणि सहकाऱ्यांनी ‘अफँटेझिया’ हा शब्द काढला.

हे लोक चित्र बघत असतील आणि वर्णनच कंजूषपणे करत असतील, अशी शंका घेता येतेच. 2022 साली जोएल पिअरसन यांच्या संशोधक गटानं डोळ्यांच्या बाहुल्या मोजल्या. उजळ आकृती नुसती कल्पनेत आणली तरी सर्वसाधारण माणसाची बाहुली आकसते. ज्यांना मनात चित्र दिसत नाही त्यांची आकसत नाही. आणि मला आवडलेला भाग असा की, एकाऐवजी चार आकृत्या कल्पायला सांगितल्या तेव्हा त्यांच्याही बाहुल्या मोठ्या झाल्या, कष्ट पडल्यावर होतात तशा. म्हणजे ते प्रयत्न करत होते. आणि खरं सांगत होते.

‘का’ हा प्रश्न मात्र मी आता पेशंटला विचारते तो गप्पांसाठी. 1977 साली निस्बेट आणि विल्सन यांनी एका प्रयोगाची हकिकत लिहिली. हुबेहूब सारखे चार स्टॉकिंग ओळीनं मांडले, यातला चांगला कुठला ते विचारलं. सगळ्यात जास्त लोकांनी अगदी उजवीकडचा उचलला आणि कारण म्हणून वीण सांगितली, पोत सांगितला. जागेमुळे निवडला असं एकानंही म्हटलं नाही. “हवा बदलली म्हणून दुखतंय” हे मी लिहून घेते, पण पेन्सिलीनं.

खांदा सुटायला 14 महिने लागले. परवा फाइल बंद करायच्या आधी मुलगी म्हणाली, “वही न बघता सांगा, पहिल्या महिन्यात किती होतं?” मी म्हटलं, “पाच असेल.” वही उघडली. पहिल्याच पानावर माझ्या अक्षरात आठ. ते लिहिलेलं मला चांगलं आठवतं. पेन उमटत नव्हतं म्हणून आकडा दोनदा गिरवला होता, कागदावर त्याचे वळ आहेत. त्या आठाला कसं दुखत होतं, ते मात्र काही केल्या आठवेना. मुलीनं विचारलं, फाइलमध्ये कुठला घालू?